सल्ला: तेराव्या पिढीचा प्रोसेसर घेऊ का?

*काका, नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीत साचे काढायला लागणारे लाकडी नमुने आम्ही बनवतो. पप्पा अजून सागवानावर हातानं काम करतात, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तीन वर्षं कॅड-कॅमचं बघते. व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) जुना आहे, प्रोग्राम केबलनं पाठवावा लागतो. ऑफिसातला कॉम्प्युटर २०१२चा, इंटेलचा आय-फाइव्ह ३४७०, म्हणजे तिसरी पिढी. मे महिन्यापासून मोठा टूलपाथ (कटरनं चालायची वाट) काढायला लावला की वीस मिनिटांत आपोआप बंद पडतो. शिवाय त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही. राजारामपुरीतला एक मुलगा त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर विकतोय: आय-सेव्हन १३७०० के, बोर्ड, ३२ जीबी रॅम, दोन वर्षं वापरलेला, ३८ हजार. एक दुकानदार म्हणतो, तेरावी-चौदावी पिढी सगळी खराब निघाली, दुसऱ्या कंपनीचा, एएमडी घ्या. दुसरा म्हणतो, एएमडी जळतात. पप्पा म्हणतात, "जुन्या मालाला तोड नाही. इतकी वर्षं कुरकुरला नाही, आता प्रोसेसर म्हातारा झालाय, तसलाच दुसरा जुना बघ." काका, नेमक्या कोणत्या पिढीवर भरवसा ठेवायचा? टूलपाथ चुकला तर लाकूड जातंच, वर फाउंड्रीला दिलेली तारीख चुकते.*

*— उद्यमनगरची एक पॅटर्नमेकर*

'काका' म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणतो.

पिढीचं नंतर बघू, आधी पप्पांच्या कॉम्प्युटरचं. मोठा हिशेब लावला की वीस मिनिटांत बंद, आणि दुखणं सुरू झालं ते मे महिन्यात. हे म्हातारपण नव्हे, हा ताप आहे. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजायची सोय असते. मर्यादा गाठली की तो आधी आपला वेग कमी करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जीव वाचवायला मशीनच बंद करतो. कॅबिनेटची बाजू उघड, टॉर्च मारून हीटसिंक बघ. पॅटर्न शॉपमधला असा एक मी उघडलेला आहे. पंखा वरून स्वच्छ, फिरतोयही झकास, पण तो काढल्यावर खाली ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांवर लाकडाच्या भुशाची घोंगडी जमलेली. नखानं धरून ओढली तर एका तुकड्यात सोलून आली. बिचारा पंखा दोन वर्षं त्या घोंगडीलाच वारा घालत होता. खाली प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली. तुझ्याकडेही हेच निघणार, यावर मी चहा-मिसळीची पैज लावायला तयार आहे.

साफसफाईबद्दल एक. उद्यमनगरात प्रत्येकाच्या हाताशी कंप्रेसर असतो आणि तोच घात करतो. टाकीतलं पाणी आधी सोड, नाहीतर हवेबरोबर पाण्याचा फवारा थेट बोर्डावर. प्रेशर कमी कर. आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव; हवेच्या झोतानं पंखा भिंगरीसारखा फिरवायला मजा येते, पण बेअरिंग जातं. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, भाकरीला लोणी लावल्यासारखी नको.

प्रोसेसरवर आळ घ्यायची घाई मीसुद्धा केलेली आहे. २००५ साली मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात पेंटियम फोरचा कॉम्प्युटर होता. ऐन सौद्याच्या वेळी अडकायचा, दिवसातून चारदा. मी छातीठोकपणे सांगितलं, प्रोसेसर गेलाय. बदलला. आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शेटनी चहासुद्धा विचारला नाही. तेव्हा कुठं मी खाली वाकून नीट बघितलं. सॉकेटच्या शेजारचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, त्यातल्या दोघांतून तपकिरी पाणी सुटून वाळलेलं. त्या काळात जगभर बऱ्याच बोर्डांना असले निकृष्ट कपॅसिटर लागले होते. ते दोन्ही 'गेलेले' प्रोसेसर माझ्या टेबलावर दुसऱ्या बोर्डात ठणठणीत चालले. दोन्हींचे पैसे परत केले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मग पंखा आणि धूळ, मग रॅम काढून पुसून बसवायची, मग डिस्क, मग बोर्ड. प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

२०१९च्या ऑगस्टात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा चिखलातून काढलेले कॉम्प्युटर माझ्याकडे रांगेनं आले. बोर्ड गेले, एसएमपीएस गेले, हार्ड डिस्कसाठी माणसं डोळ्यांत पाणी आणून उभी. प्रोसेसर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतले, वाळवले, दुसऱ्या बोर्डावर बसवले आणि बहुतेक चालू झाले. कॉम्प्युटरमध्ये त्याच्याइतकं चिवट दुसरं काही नसतं, असं मी लोकांना अगदी काल-परवापर्यंत सांगत होतो.

मग तेराव्या-चौदाव्या पिढीनं माझं तोंड बंद केलं.

ते नीट कळायला तुझ्याच धंद्यातलं घेऊ. कास्टिंग रिजेक्ट होतं तेव्हा फाउंड्रीवाला पहिलं काय विचारतो? पॅटर्न चुकलाय, की याच नगात ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, आहे? पॅटर्न चुकला असेल तर सगळे नग चुकीचे. ब्लोहोल असेल तर तेवढाच एक. आणि कधी कधी नगात काहीच खोट नसते, तो गिऱ्हाइकाकडे जातो, चालतो आणि वापरानं झिजतो. प्रोसेसरमध्येही हे तीन वेगळे आजार आहेत. दुकानात बोलताना मात्र तिन्हींची खिचडी होते आणि 'अमुक पिढी खराब' एवढंच उरतं.

पॅटर्न चुकल्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९९४चं. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांना नव्या पेंटियमवरची उत्तरं जुळेनात. त्यांनी महिनोन्महिने आपलाच प्रोग्राम तपासला, बोर्ड तपासला आणि शेवटी बोट प्रोसेसरवर आलं. (मी गुळाच्या दुकानात केलं त्याच्या नेमका उलटा क्रम, आणि बरोबर क्रम.) ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ नं भागलं की उत्तर १.३३३८२ यायला हवं. त्या पेंटियमवर १.३३३७३ यायचं. चिपमध्ये भागाकारासाठी एक कोष्टक कोरलेलं असतं, त्यातल्या पाच नोंदी भरायच्याच राहिल्या होत्या. म्हणजे कोअर बॉक्सला (आतल्या पोकळीच्या साच्याला) एक बॉस (उंचवटा) लावायचा विसरला आणि हजारो नग ओतून झाले. इंटेल आधी म्हणाली, साध्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल, बदलून कशाला पाहिजे? १२ डिसेंबरला आयबीएमनं त्या पेंटियमचे कॉम्प्युटर विकायचे थांबवले आणि २० डिसेंबरला इंटेलनं मागेल त्याला बदलून द्यायचं कबूल केलं. खर्च मांडला ४७.५ कोटी डॉलर.

पप्पांना हे जरूर सांग. 'जुना माल' तोही होता. आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या आदल्याच पिढीत, ३१ जानेवारी २०११ ला, इंटेलनं प्रोसेसरच्या जोडीची चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मदतनीस चिप, परत बोलावली होती. तिच्यातले डिस्क जोडायचे काही साटा पोर्ट वापरानं हळूहळू कमजोर होत, म्हणजे डिस्क आज दिसते आणि दोन वर्षांनी दिसायची बंद होते. पप्पांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर इतकी वर्षं टिकला, कारण जे टिकले नाहीत ते कधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले. त्यांची आठवण कोण ठेवतो?

आता तुझी तेरावी. ती २०२२च्या ऑक्टोबरात आली, चौदावी बरोबर एका वर्षानं. मग तक्रारी सुरू झाल्या त्या भलत्याच वाटेनं. गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा निरोप यायचा, ग्राफिक्स कार्डात मेमरी मुबलक असूनही. पोरांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. खरी गोम अशी की गेम सुरू होताना दाबून भरलेली माहिती उलगडायचं काम प्रोसेसर करतो आणि तिथं तो चुकत होता. चूक एकाची, निरोप दुसऱ्याच्या नावानं.

जुलै २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसरच्या आतलं मायक्रोकोड, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या सूचना, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतं. सप्टेंबरात मुळाशी गेलेलं कारण सांगितलं. कोअरला ठेका देणाऱ्या घड्याळाच्या मंडलाचा एक भाग जास्त व्होल्टेज आणि उष्णतेनं लवकर झिजतो. त्यामुळं ठेक्यातला 'चालू' आणि 'बंद' यांचा मेळ सरकतो. हलगीवाल्याचा हात असा किंचित अडखळायला लागला की लेझीम खेळणारी सगळी रांग चुकते, तसं आतलं गणित चुकायला लागतं. पूर्वी जेवढ्या व्होल्टेजवर तो सुखानं चालायचा तेवढं आता पुरत नाही.

उपाय म्हणून मायक्रोकोडच्या आवृत्त्या आल्या. ऑगस्ट २०२४ची झिरो-एक्स-वन-टू-नाइन, तिनं १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरातली झिरो-एक्स-वन-टू-बी, ही महत्त्वाची. मे २०२५ मध्ये झिरो-एक्स-वन-टू-एफ, जी मशीन दिवसेंदिवस हलक्या कामावर चालू ठेवली जातात त्यांच्यासाठी. या बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून येतात.

पण एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव, आणि हे पप्पांना फर्नेसच्या भाषेत सांग. अस्तर एकदा खाल्लं गेलं की पुढच्या हीटला (वितळवणीला) तापमान कमी ठेवून ते परत जाड होत नाही. अपडेटनं पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. ज्या मुलानं दोन वर्षं जुन्या बायोसवर रात्र-रात्र गेम खेळलाय, त्याच्या प्रोसेसरच्या किती हीट झाल्यात हे त्यालाही माहीत नसतं.

'सगळी तेरावी खराब' हेही खोटंच. इंटेलनं वॉरंटी तीनवरून पाच वर्षांवर नेली, त्या यादीत आय-फाइव्हमधले १३६०० के आणि १४६०० के जातीचे, आणि वरचे आय-सेव्हन, आय-नाइन आहेत. आय-फाइव्ह १३४०० किंवा १४४०० त्या यादीत नाहीत, आय-थ्री नाहीत. बारावी पिढी या दुखण्यातून बाहेर, आणि कोअर अल्ट्रा २०० मालिकेलाही ते नाही, असं इंटेलनंच सांगितलंय. तुझा १३७०० के मात्र यादीत पक्का बसतो. शिवाय तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही नगांत कारखान्यातच आतल्या जोडण्या गंजण्याचा वेगळा दोष होता, तो २०२३ मध्ये सुधारला. हा झाला ब्लोहोलचा प्रकार, आधीच्या झिजेशी त्याची गल्लत करू नकोस.

एएमडी जळतात म्हणणारा दुकानदारही हवेत बोलत नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांच्या रायझन ७००० मालिकेतल्या एक्स-थ्री-डी (खास गेमिंगच्या) जातीचे काही प्रोसेसर सॉकेटसकट करपले. बोर्ड जास्त व्होल्टेज देत होते. नंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टला अडवलं. २०१७च्या पहिल्या रायझनमधले काही नग लिनक्सवर मोठे प्रोग्राम कंपाइल करताना कोसळायचे, एएमडीनं ते बदलून दिले. त्याआधी २००७ मध्ये एएमडीच्याच फेनॉम प्रोसेसरमध्ये डिझाइनची चूक सापडली होती. इंटेल दर पिढीच्या चुकांची यादी स्वतःच छापते आणि त्यातल्या कित्येक नोंदींपुढं 'दुरुस्ती नाही' असं सरळ लिहिलेलं असतं. निर्दोष पिढी अशी कुठलीच नाही.

मला यातली सगळ्यात बोलकी वाटली ती पुजेट सिस्टिम्स या अमेरिकन वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीची आकडेवारी. तेराव्या-चौदाव्यावरून गदारोळ चालू असतानाच, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी आपल्याकडचे हिशेब उघड केले. त्यांच्याकडं जास्त बिघडलेली होती अकरावी पिढी! तेरावी-चौदावी तिच्यापेक्षा बरी, रायझन ५००० आणि ७००० पेक्षाही बरी. प्रोसेसर तेच, मग फरक कुठं पडला? ही मंडळी बोर्डवाल्यांनी आयत्या घालून दिलेल्या सेटिंगवर विसंबत नाहीत. वॅट आणि व्होल्टेज इंटेलनं सांगितलेल्या मापात बांधून मगच मशीन देतात. गेमिंगच्या बऱ्याच बोर्डांत मात्र वॅटच्या मर्यादेच्या रकान्यात कारखान्यातूनच ४०९५ लिहिलेलं असायचं. म्हणजे मर्यादाच नाही, पाहिजे तेवढं ओढ.

तुझ्या पॅटर्नवर पप्पा मशिनिंग अलाउन्स, म्हणजे नंतर घासायला जादा जाडी, ठेवतात ना, तसा प्रोसेसरलाही ठेवलेला असतो. तो किती वेगानं धावू शकतो आणि त्याला किती वेगानं धावू दिलं जातं, यातलं अंतर. पप्पांचा ३४७० जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झला धावतो, मर्यादा ७७ वॅट. त्याच्या अंगात याहून बरंच होतं, ते कारखान्यानं राखून ठेवलं. पुढं चिप लहान करून फुकटात वेग मिळायचा बंद झाला, स्पर्धा वाढली आणि कारखाना तो अलाउन्स स्वतःच घासायला लागला. १३७०० के ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, २५३ वॅट ओढतो. आधी हौशी पोरं ओव्हरक्लॉक करून जे करायची, ते आता बॉक्समधूनच येतं. अलाउन्स न ठेवलेल्या कास्टिंगमध्ये वाळूचा एक कण रुतला तरी नग गेला. तसं इथं व्होल्टेजच्या हिशेबातली एक बारीक चूकही चिपच्या अंगावर आली. पप्पांचं 'जुन्या मालाला तोड नाही' एवढ्यापुरतं मला मान्य आहे. मात्र तसलाच जुना आणायचं अजिबात नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली रीतसर चढतच नाही.

राजारामपुरीचा सौदा मी तुझ्या जागी सोडून देईन. वॉरंटी पाच वर्षांची झाली खरी, पण ती सीलबंद बॉक्स घेणाऱ्याशी बांधलेली असते. आपल्याकडं बरेच प्रोसेसर बॉक्सशिवाय 'ट्रे पीस' म्हणून विकले जातात, त्यांची दाद जिथून घेतला त्या दुकानदाराकडं मागायची. त्या मुलाच्या बिलावर तू दोन वर्षांनी कुणाच्या दारात उभी राहणार?

तरी मन होतच असेल, तर असं कर. मशीन त्याच्या घरी चालू असतानाच बघ. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मायक्रोकोडची आवृत्ती दिसते. वन-टू-बी किंवा त्यानंतरची नसेल तर तिथूनच नमस्कार करून निघ. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघड आणि 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) या नावानं लाल-पिवळ्या खुणा आहेत का बघ. त्या हार्डवेअरच्या चुकांच्या असतात. मग दहा-पंधरा जीबीची एक झिप फाइल सात-आठ वेळा उलगडून बघ. एकदाही 'सीआरसी'ची (फाइल बिघडल्याची) चूक आली तर विषय संपला. सगळे कोअर पिळून काढणाऱ्या जड चाचण्या तो मुलगा हौसेनं दाखवेल, त्यानं हुरळून जाऊ नकोस. जड कामात वेग खाली असतो. झिजलेला प्रोसेसर बरेचदा तिथं पास होतो आणि एक-दोन कोअर पूर्ण वेगानं पळतात अशा हलक्या कामात फसतो. टूलपाथचा बराच हिशेब नेमका तसाच असतो.

घ्यायचं काय? नवा घे, ६५ वॅटच्या वर्गातला घे. मी स्वतः रायझन ७ ९७०० एक्स घेईन आणि एक्स-थ्री-डीच्या वाटेला जाणार नाही, तुझ्या कामाला त्याची गरज नाही. इंटेलच पाहिजे तर कोअर अल्ट्रा ७ २६५, शेवटी के नसलेला. बजेट ताणलं जात असेल तर आय-फाइव्ह १४४०० सुद्धा तुझी कामं करील आणि त्याच्या नावानं नाक मुरडणाऱ्या दुकानदाराला वरची यादी दाखव. बॉक्स पॅक घे, बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घे. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी बायोस अपडेट कर, लाईटचा भरवसा असेल तेव्हा आणि यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर बोर्डच मेला म्हणून समज. बायोसमध्ये वेग वाढवायची सगळी सोंगं बंद ठेव. थोडाफार वेग जाईल, जाऊ दे. वाचलेल्या पैशात चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेटच्या तोंडाला धुता येईल अशी जाळी. आणि कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेव. भुसा खालीच असतो.

एवढं करूनही तुझ्या पत्रातली शेवटची भीती उरते, टूलपाथ चुकण्याची. ती खुळी नाही. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. न बोलता चुकणारा प्रोसेसर वाईट. २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी असा एक नग धरला. १.१ चा ५३वा घात काढून पूर्णांक मागितला की १५६ यायला हवा, त्याचा एक कोअर शून्य सांगायचा. त्या उत्तरावरून फाइलचा आकार ठरायचा, त्यामुळं फाइल रिकामी समजून सोडून दिली जायची आणि चूक झाल्याचा निरोप कुठंही नाही. गूगलनंही त्याच वर्षी सांगितलं की काही हजार मशीनमागं त्यांना असे मोजके कोअर सापडतात. तुझ्या एका मशीनच्या वाट्याला हे यायची शक्यता अगदी कमी. तरी महागाच्या ब्लॉकवर कटर घालायच्या आधी एक सवय लाव. त्याच कामाचा टूलपाथ दोनदा काढ, दोन वेगळ्या एनसी (मशीनला द्यायच्या प्रोग्रामच्या) फाइली पोस्ट कर आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफसी' या आज्ञेनं दोन्ही ताडून बघ. वरच्या एक-दोन ओळींत तारीख-वेळ असते, तिथं फरक येणारच. त्याखाली झेडचा एक आकडाही हलता कामा नये. हलला तर पुन्हा काढ, पुन्हा हलला तर त्या कॉम्प्युटरवर काम थांबव. मग बॅकप्लॉट (पडद्यावर कटरची वाट बघणं) आणि हवेत एक फेरी. हे तू करतच असशील.

आणि पप्पांचा ३४७० विकू नकोस, त्याचे कोण काय देणार. तुझा व्हीएमसी प्रोग्राम केबलनं घेतो म्हणालीस, म्हणजे आरएस-२३२. नव्या बोर्डांच्या मागं ते नऊ पिनांचं सीरियल पोर्ट आता जवळपास दिसत नाही. त्याच्या जुन्या बोर्डावर बहुधा असेल, मागं नसेल तर बोर्डावर पिना असतील. साफ कर, पेस्ट बदल, इंटरनेटची वायर कायमची काढ आणि व्हीएमसीशेजारी डीएनसीला, म्हणजे प्रोग्राम पाठवायच्या कामाला, बसव. प्रोग्राम पाठवायला त्याला उभं आयुष्य घाम फुटणार नाही आणि त्याची किल्ली पप्पांकडंच राहील. फक्त केबल जोडताना-काढताना दोन्ही मशीन बंद हवीत आणि दोन्हींचं अर्थिंग एकच हवं. चालू मशीनवर केबल ओढली की पोर्ट जळतो, आणि व्हीएमसीच्या बाजूचा जळला तर त्या कार्डाचा खर्च नव्या कॉम्प्युटरच्या वर जाईल.